पुढे जाणारा शब्द

१९८२ साली कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी मुद्रितशोधक म्हणून लागलो आणि २०१४ साली वृत्तसंपादक म्हणून बाहेर पडलो. मधल्या बत्तीस वर्षांत एका शब्दाशी माझी जरा जास्तच घसट झाली. भाषणात तो, जाहीरनाम्यात तो, श्रद्धांजलीत तो, अग्रलेखाच्या शेवटच्या परिच्छेदात तर तो हमखास. 'पुरोगामी'. मध्यंतरी एका तरुण वार्ताहरानं फोन करून विचारलं, "सर, अमुक नेत्याला पुरोगामी लिहू की नको?" मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर शोधताना जे आठवत गेलं, ते इथं लिहितो आहे.

१. शब्द आधी फोडून बघावा.

खिळे जुळवायचे दिवस होते. जुळाऱ्याकडून काना-मात्रा निसटली आणि गॅलीत 'पुरगामी' उमटलं. माझ्या नजरेतून ते सुटलं, पण आमच्या मुख्य मुद्रितशोधकांच्या नजरेतून सुटलं नाही. ते शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते आणि चुकीपेक्षा चुकीच्या निमित्तानं शिकवायला मिळतं याचा त्यांना आनंद जास्त होई. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं: पुरस् म्हणजे पुढे, गामी म्हणजे जाणारा. मग खाली दुसरा शब्द लिहिला: पुरोहित. "हा याचा सख्खा चुलतभाऊ," ते म्हणाले. "त्यातलाही पुरस् तोच. हित म्हणजे ठेवलेला. पुरोहिताला लोक पुढे बसवतात, पुरोगाम्याला आपल्या पायानं जावं लागतं. बसवलेला कोण आणि गेलेला कोण, एवढं ओळखायला शिक. नोकरीभर पुरेल."

मी बावीस वर्षांचा होतो. मला तो पंतोजींचा विनोद वाटला.

नंतर कळत गेलं की 'गामी' हा चालता शब्द आहे आणि चालत्याला दोन प्रश्न विचारावेच लागतात: कुठून आणि कुठे. एसटीच्या पाटीवर म्हणून दोन गावं लिहिलेली असतात, कोल्हापूर आणि गारगोटी. पाटीवर नुसतं 'पुढे' लिहिलेल्या गाडीत कुणी चढणार नाही. राजकारणात मात्र अशा गाड्या भरून जाताना मी पाहिल्या आहेत.

२. पैसे मोजून छापलेला शब्द जास्त खरं बोलतो.

संपादकीय विभागातल्या लोकांना छोट्या जाहिरातींचा कंटाळा असतो. मला नव्हता. आमची वधू-वर पुरवणी निघे, तिचं प्रूफ मी हौसेनं वाची. 'पुरोगामी विचारांचं सुशिक्षित कुटुंब' अशी सुरुवात आणि पुढे दोन ओळींत 'पत्रिका आवश्यक'. एकदा 'पुरोगामी कुटुंब, पोटजात चालेल' अशी जाहिरात आली, तेव्हा आम्ही चहा पिता पिता ठसका लागेपर्यंत हसलो. पोटजातीपर्यंतचा प्रवास हाही शेवटी प्रवासच, असं आमचा एक सहकारी गंभीरपणे म्हणाला. 'आंतरजातीय चालेल' या शब्दांनंतरच्या कंसात 'एससी, एसटी क्षमस्व' असे, त्या जाहिरातीला मात्र कुणी हसायचं नाही. ती इतकी नेहमीची झाली होती की ती कुणाला दिसायचीच नाही. आमच्या मशीनखात्यात मागास जातींतले चौघे जण होते. ते रात्री हीच पुरवणी छापत. हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं गेली ते सांगायची लाज वाटते.

एका दुपारी जाहिरात खिडकीवर एक गृहस्थ उभे होते. मुलीसाठी स्थळ. ठरलेल्या दरात पंचवीस शब्द बसत, त्यांचे सत्तावीस झाले होते. कारकून म्हणाला, "दोन शब्द कमी करा, नाहीतर पुढचा दर लागेल." गृहस्थांनी कागद परत घेतला. शिक्षण, उंची, वर्ण, पगार, पत्रिका, सगळ्यांवरून पेन फिरवत आले आणि 'पुरोगामी विचारांचे' हे दोन शब्द खोडून कागद आत सरकवला. हिशेब बरोबर बसला आणि जाहिरातीचा अर्थ रतीभरही बदलला नाही.

मजकूर तपासायचा माझा सगळ्यात कामाचा नियम मला त्या खिडकीवर मिळाला. शब्द खोडून बघायचा. वाक्य होतं तसंच राहिलं तर तो शब्द नव्हताच, त्याची नुसती जागा होती.

३. पक्षाच्या नावातला शब्द वेगळा वाचावा.

'पुरोगामी' हे सरकारचंच नाव झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. १८ जुलै १९७८ रोजी सदतीस वर्षांच्या शरद पवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे पुलोद. त्यात काँग्रेस सोडून आलेले त्यांचे आमदार होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि जनता पक्ष होता. जनता पक्षात तेव्हा जुने समाजवादी आणि जुने जनसंघवाले एकाच छपराखाली नांदत होते. सेवादलात वाढलेला माणूस आणि संघशाखेत वाढलेला माणूस शेजारी बसून पुरोगामी कसे, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असे: काँग्रेसच्या विरोधात आहेत म्हणून. पुढे पुढे तर नेमक्या उलट्या कारणासाठी, काँग्रेसच्या बाजूला आहेत म्हणूनही, तोच शब्द चालून गेला.

पण पुलोदची टिंगल करून सुटणं सोपं आहे. शपथविधीनंतर नवव्या दिवशी, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. इथं मी तो शब्द खोडून पाहतो तेव्हा काहीतरी बदलतं. ते खरोखर पाऊल होतं. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, आणि अंमलबजावणी थांबली. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झालं. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मुख्यमंत्री तेव्हाही पवारच होते. उचललेलं पाऊल साडेपंधरा वर्षं हवेत राहिलं, आणि त्या पावलाची किंमत ज्यांनी मोजली त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडी 'पुरोगामी' हा शब्द कधी आलाही नसेल.

२००४ साली दिल्लीत नवी आघाडी झाली. हिंदीवाल्यांनी तिला 'संयुक्त प्रगतिशील गठबंधन' म्हटलं आणि मराठी वर्तमानपत्रांनी 'संयुक्त पुरोगामी आघाडी'. एकाच इंग्रजी नावाचे हे दोन अनुवाद, आणि दोघांची चव वेगळी. पण मथळ्यात एवढं लांब नाव मावतं कुठं? मग 'संपुआ' आलं. समोर 'रालोआ' होतीच. एका वाचकानं फोन करून विचारलं, "संपुआ म्हणजे परत संप का हो?" मी हसलो, पण त्यांचं चुकत नव्हतं. दहा वर्षं आम्ही तो शब्द रोज छापला आणि त्यातला 'पु' कशाचा, हे छापणाऱ्यांनाही आठवेनासं झालं.

४. हा शब्द बातमीत कधी येतो ते मोजावं.

मी एकदा बसून मोजलं. आमच्या बातम्यांत 'पुरोगामी' बहुतेक वेळा एका ठरलेल्या वाक्यात येई: 'पुरोगामी महाराष्ट्राला काळिमा फासणारी घटना'. त्याचा जुळा भाऊ: 'पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात...'. बहिष्कार, पाणवठ्यावरची मारहाण, जातपंचायतीचा दंड, मुलीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून झालेला खून, या सगळ्या बातम्यांचा इंट्रो या वाक्यानं सुरू करायची तालुक्याच्या वार्ताहरांना सवय लागली होती आणि ती आम्हीच लावली होती. म्हणजे वर्षभर महाराष्ट्र पुरोगामी आहे हे कुणी सांगत नसे. एखाद्या वस्तीत कुणाचं तरी घर जळालं की आम्हाला आठवे.

या वाक्यात आणखी एक लबाडी आहे. काळिमा लागतो तो महाराष्ट्राला. दु:खी राज्य झालं, मेलेला माणूस दुसऱ्या परिच्छेदात गेला.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. त्या हुकमाचं वजन त्या पन्नासच्या आकड्यात आहे, विशेषणात नाही. आम्ही कोल्हापूरकर त्या आकड्यावर एकशे वीस वर्षं विशेषणं चढवत आलो.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. संध्याकाळी माझ्यापुढे कॉपी आली तिच्या पहिल्या ओळीत तेच वाक्य होतं. मी ते खोडलं आणि पुलाचं पूर्ण नाव पहिल्या ओळीत घेतलं. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावाचा पूल, तो वाचकाला आपोआप दिसेल असं मला वाटलं. किती जणांना दिसला कुणास ठाऊक. दाभोलकरांनी वर्षानुवर्षं ज्याचा पाठपुरावा केला त्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आत निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्याचं नाव एका दमात वाचता येत नाही. नरबळी आहे, अमानुष आहे, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, पुरोगामी नाही. परिशिष्टात एकेक कृत्य लिहून काढलं आहे. कायद्याला विशेषणं परवडत नाहीत, त्याला कृत्यांची नावं घ्यावी लागतात.

दीड वर्षानं, १६ फेब्रुवारी २०१५ ला, आमच्याच कोल्हापुरात सकाळी फिरून घरी परतताना गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, आणि चार दिवसांनी ते गेले. मी तेव्हा घरी होतो, निवृत्त. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. ते वाक्य होतं.

५. शेतकरी 'पुरोगामी' होत नाही.

ठिबक बसवणारा, द्राक्षाची निर्यात करणारा, ऊस एकरी शंभर टनांवर नेणारा शेतकरी हा आमच्या कृषी पुरवणीत कायम 'प्रगतिशील शेतकरी'. बत्तीस वर्षांत 'पुरोगामी शेतकरी' असं मी एकदाही छापलेलं आठवत नाही. पीक वाढलं तर प्रगतिशील, विचार बदलला तर पुरोगामी, असे दोन डबे मराठी कानानं करून ठेवलेत आणि पहिल्या डब्यातल्यानं दुसऱ्यात चढावं अशी कुणाची अपेक्षा नसते. 'पुढारी' हा तिसरा डबा. अर्थ तोच, पुढे असणारा. पण 'आलेत मोठे पुढारी' असं म्हणून बघा.

६. कुणीही स्वतःला 'प्रतिगामी' म्हणवत नाही.

टेबलावर हजारो पत्रकं आली. परंपरेचे अभिमानी आले, संस्कृतिरक्षक आले, धर्मनिष्ठ, राष्ट्रनिष्ठ, सकल आणि समस्त आले. 'आम्ही तालुक्यातील प्रतिगामी कार्यकर्ते' अशी सही एकाही पत्रकावर नव्हती. ज्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द फक्त दुसऱ्याला लावायचा असतो, तो शब्द वर्णन कमी करतो आणि दाखला जास्त देतो. दाखला म्हटला की देणारं कार्यालय आलं, शिक्का आला. आमच्या काळात ते कार्यालय चालवणारे काही थोर लोक होते. वधू-वर पुरवणी ते वाचत नसत.

७. शिवीला घाबरू नये, पण ती कुठून आली ते पाहावं.

'फुरोगामी' हा शब्द मी पहिल्यांदा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचला. मुद्रितशोधकाच्या सवयीनं आधी वाटलं, टंकनदोष. पण 'विचारवंता'चा 'विचारजंत' झालेला तोवर पाहिला होता, त्यामुळे खुलासा लवकर झाला. निमित्त गणपतीचं. पंचगंगेत विसर्जन न करता महापालिकेच्या काहिलीत, म्हणजे पाण्याच्या मोठ्या कढईत, करूया, एवढंच मी लिहिलं होतं. पुतण्यानं उत्तर दिलं, "काका फुरोगामी झाले." खाली हसऱ्या तोंडांची रांग, तीत माझ्या सख्ख्या बहिणीचंही एक.

राग आला, खोटं कशाला बोलू. मग आगरकर आठवले. 'केसरी' सोडून त्यांनी १८८८ साली स्वतःचं पत्र काढलं आणि त्याचं नावच 'सुधारक' ठेवलं. पुण्यातल्या निम्म्या लोकांच्या तोंडी तेव्हा ती शिवी होती. त्याच लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 'मवाळ' हाही टोमणाच होता, आणि जहालांना जहाल म्हणणारेही काही कौतुकानं म्हणत नव्हते. पुढे उदारमतवाद्यांनी 'प्रागतिक' हा बेताचा, इस्त्रीचा शब्द घेतला. त्याची शिवी झाली नाही, आणि आज तो फारसा कुणाला ठाऊकही नाही.

आपल्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा. 'बुरसटलेले' हा शब्द आम्ही अग्रलेखांत किती सैल हातानं वापरला! समोरचा माणूस काय म्हणतो हे ऐकायच्या आधी तो बुरसटलेला ठरे. माझा पुतण्या तेव्हा शाळेत होता आणि त्याचे वडील, माझे थोरले भाऊ, तो अग्रलेख वाचून पेपर न बोलता घडी करून ठेवत. ती घडी मी पाहिली होती.

पुढच्या वर्षी कॉलनीच्या कोपऱ्यावरच काहील आली. पुतण्या आता तिथंच विसर्जन करतो, नदीपर्यंत गाडी काढायचा त्रास वाचतो म्हणून. मला अजून फुरोगामी म्हणतो. त्याला एसटीच्या पाटीची गोष्ट सांगावी असं अनेकदा मनात येतं, पण गाडी कुठं पोचली ते दिसत असताना पाटीवरून भांडण कशाला!

८. आपल्या घरात तो शब्द खोडून बघावा.

हे शेवटी लिहितो, कारण आधी लिहायचं धाडस नव्हतं.

वडील १९८९ च्या जुलैत गेले, गावी, शिरोळ तालुक्यात. जूनमध्ये शाहू जयंतीची पुरवणी मीच काढली होती आणि तिच्यातला मोठा लेखही माझाच होता. नंतर कधीतरी जुन्या फायली चाळताना त्यातले 'पुरोगामी' मोजले. अकरा निघाले.

त्या दिवशी मी पुढच्या सोप्यात पुरुषमंडळींत बसलो होतो. लाकडं आली का, कऱ्हाडच्या पाहुण्यांना किती वेळ थांबायचं, असलं बोलणं चाललेलं. मधल्या दारातून आत्या आली. तीही तरुणपणीच विधवा झालेली. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत उंबऱ्यावर थांबली. ती कशासाठी थांबली होती हे मला तेव्हाही कळलं होतं. शिकलेला, पेपरात लिहिणारा भाचा एक शब्द बोलेल म्हणून थांबली होती. मी सतरंजीच्या कडेकडे बघत राहिलो. ती वळून आत गेली. थोड्या वेळानं मागच्या परसातून बांगड्या फुटल्याचा आवाज आला. सोप्यातलं बोलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मीच सुरू केलं.

आई त्यावर कधी बोलली नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी ती धान्य निवडायला घेई आणि आतल्या खोलीत बसे. माझी बायको तिला बाहेर बोलावी, ती येत नसे, आणि मी ऑफिसला जात असे.

मे २०२२ मध्ये हेरवाडची बातमी आली. आमच्याच तालुक्यातलं गाव. शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी दोन दिवसांवर असताना, ४ मेला, तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक सरकारनं त्याच महिन्यात काढलं. आई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. मी तिला बातमी वाचून दाखवली. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं. एकेक शब्दाला ती मान हलवत होती, यादी जुळवून घ्यावी तशी. खाली ग्रामस्थांच्या पुरोगामी निर्णयाचं स्वागत झाल्याचं वाक्य होतं. ते मी सवयीनं वाचून टाकलं.

"पुरोगामी म्हंजे रं?" तिनं विचारलं.

"पुढं जाणारा," मी म्हणालो.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुढं कशाला जायाला पायजे हुतं? मागं परसात यायचं हुतंस की."

मला काही सुचलं नाही. तिनं माझ्या हातातून पेपर घेतला, चष्मा लावला आणि त्या यादीवर बोट ठेवून अक्षर लावत लावत स्वतः वाचायला लागली.